चर आपल्या रानातून, मग तार कुणाची?

ज्यांनी दुसऱ्याच्या रानातून कधी पाण्याची पाइपलाइन नेली आहे, त्यांना या लेखातला अर्धा विषय आधीच ठाऊक आहे. मोटर नदीकाठी, रान दोन किलोमीटर आत आणि मधे सात जणांचे बांध. पाइप दुकानात मिळतो, मोटर मिळते, चर काढायला जेसीबी तासावर मिळतो. मिळत नाही ती वाट. त्यासाठी सात ओसऱ्यांवर बसून चहा घ्यावा लागतो, पेरणीच्या आत चर बुजवून द्यायचा शब्द द्यावा लागतो, आणि बांधावरून कधीकाळी झालेलं एखादं भांडण आपणहून मिटवावं लागतं.

घरात येणाऱ्या इंटरनेटच्या तारेचंही असंच आहे. आपल्याला वाटतं, हे फार मोठं तंत्रज्ञान आहे, ते मोठ्या कंपन्यांनीच करावं. प्रत्यक्षात गावापर्यंत आणि गावातून घराघरात फायबर न्यायच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा काचेच्या तारेचा नसतो, यंत्रांचाही नसतो. तो खोदाईचा आणि वाट मिळवण्याचा असतो. आणि या दोन्ही गोष्टी गावाकडे असतात. जमीन गावाची, ट्रॅक्टर गावाचे, ओळखी गावाच्या. म्हणून मला ठामपणे वाटतं की गावाने स्वतःच्या मालकीचं इंटरनेट उभं करणं ही स्वप्नाळू कल्पना नाही. तो सरळ हिशेब आहे, आणि शेजाऱ्यांना पटवायचं तर तो हिशेबच त्यांच्यापुढे मांडावा लागतो.

आधी तारेबद्दल थोडं. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून विजेचा संकेत जातो आणि अंतर वाढेल तसा तो क्षीण होत जातो. टेलिफोन केंद्रापासून पाच किलोमीटरवरच्या वस्तीवर त्या तारेतून जेमतेम एखादं पान उघडण्याइतकं इंटरनेट पोचतं. फायबर म्हणजे केसाइतकी बारीक काच, तिच्यातून प्रकाश जातो. किलोमीटरभर अंतरात तो इतका थोडा कमी होतो की वीस किलोमीटरवरच्या घरालाही केंद्राशेजारच्या घराइतकाच वेग मिळू शकतो. शिवाय मधल्या वाटेवर वीज लागत नाही, काच नुसती जमिनीत पडून असते. पुढे वेग वाढवायचा झाला तर दोन्ही टोकांची यंत्रं बदलायची, चर पुन्हा खणायचा नाही. म्हणजे चर एकदाच काढायचा, आणि तो ज्याच्या मालकीचा त्याच्या हातात पुढची कित्येक वर्षं त्या गावाचं इंटरनेट.

मग कंपनी वस्तीवर का येत नाही? आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक काल्पनिक गाव घेऊ. पाच किलोमीटर चर, शंभर घरं, सगळा खर्च दहा लाख. त्यातल्या पंचवीस घरांनी जोडणी घेतली तर घरामागे चाळीस हजार पडले. महिन्याच्या बिलातून देखभाल वगैरे वजा जाता घरामागे दोनशे रुपये उरतात असं धरलं, तर ते चाळीस हजार फिटायला २०० महिने, म्हणजे सोळा वर्षांहून जास्त काळ लागेल. कोणती कंपनी थांबेल? आता ऐंशी घरं जोडली आहेत असं धरा. घरामागे साडेबारा हजार, पाच वर्षांच्या थोडं पुढे हिशेब पूर्ण. त्यात गावाने वाट फुकट दिली, निम्मी खोदाई स्वतः केली आणि खर्च सात लाखांवर आला, तर पावणेचार वर्षांच्या आतच.

गाव तेच, तार तीच. फरक दोन गोष्टींनी पडला, किती घरं एकत्र आली आणि खोदाई कुणी केली. या दोन्ही गोष्टी कंपनीच्या हातात नाहीत. शंभरातल्या ऐंशी घरांचा होकार मिळवणं बाहेरच्या विक्रेत्याला कधीच जमणार नाही. ते शेजाऱ्याचं काम आहे.

हे खरोखर घडलं आहे, आणि ते कसं घडलं हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशर परगण्यात ल्यून नदीचं खोरं आहे. मेंढ्या, गाई, दगडी बांध, एकमेकांपासून दूर विखुरलेली शेतघरं. तिथल्या रे नावाच्या गावाजवळ क्रिस काँडर या शेतकरी बाई राहतात. शेजारच्या शेतघराला लँकेस्टर विद्यापीठाच्या एका प्रकल्पातून बिनतारी इंटरनेट मिळायचं, पण मधली झाडं वाढत गेली आणि संकेत अडू लागला. दुसरी सोय कुठलीच नव्हती. काँडरबाईंनी किलोमीटरभर फायबर विकत आणलं, ट्रॅक्टर काढला, चर काढून तार पुरली आणि दोन घरं जोडली. झाड वाढल्यामुळे सुरू झालेल्या या गोष्टीतून लोकांना एक कळलं. हे काम शेतकऱ्याला जमतं.

मग आसपासच्या गावांतली माणसं आणि संगणक जाळ्यांचे जाणकार बॅरी फोर्ड एकत्र आले आणि २०११ मध्ये एक संस्था नोंदवली गेली. नाव 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ'. आद्याक्षरं जोडून लोक तिला 'बार्न' म्हणतात, म्हणजे शेतावरचं कोठार. ही कंपनी नव्हे, समाजाच्या हितासाठी नोंदवलेली सहकारी प्रकारातली संस्था. एका शेअरची किंमत एक पौंड, किमान शंभर पौंडांचे घ्यायचे. कुणाचे शंभर असोत की हजारो, मत एकच. शेअर बाजारात विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही, आणि उद्या कुणी सगळं जाळं विकून पैसे वाटून घ्यायचे म्हटलं तर नियम ते करू देत नाहीत.

जमिनीच्या मालकांनी आपल्या रानातून तार न्यायला फुकट परवानगी दिली. तिकडे एरवी कंपन्या यासाठी पैसे मोजतात, म्हणून ही सवलत छोटी नव्हती. रस्ता फोडणं महाग, म्हणून वाट मुद्दाम कुरणांतून आणि शेतांच्या कडेने आखली. खणणाऱ्या शेतकऱ्यांना मीटरमागे दीड पौंड मिळायचा. ज्याच्याकडे पैसे होते त्याने पैसे घातले, ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता त्याने चर काढला, कुणी नकाशे केले, कुणी खणणाऱ्यांना चहा आणि केक पोचवले. चरात आधी प्लास्टिकची नळी पुरायची, मग दाबाच्या हवेने तिच्यातून काचेची तार फुंकत पुढे न्यायची. गावकरी हेही शिकले आणि तारेचे सांधे जोडायलाही शिकले.

मिळालं काय? सुरुवातीच्या वर्षांत महिना ३० पौंडांत सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे १,००० मेगाबिट वेग, आणि तो माहिती घ्यायला नि पाठवायला, दोन्ही बाजूंनी सारखा. तेव्हा इंग्लंडमधल्या कित्येक मोठ्या शहरांतल्या लोकांच्या नशिबीही तो नव्हता. आज या जाळ्यावर दहा हजारांहून जास्त जोडण्या आहेत. संस्थेने पगारी माणसंही नेमली आहेत, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. खोदाई श्रमदानाने होते, पण पावसाळ्यात रात्री तुटलेली तार जोडायला वर्षानुवर्षं कुणी फुकट येत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचं काही दिसलं असेल. एक सभासद, एक मत हे तत्त्व जगभर पसरवलं रॉचडेलच्या विणकरांनी आणि कामगारांनी. १८४४ साली २८ जणांनी मिळून तिथे सहकारी दुकान काढलं. हे रॉचडेल जुन्या लँकेशर परगण्यातलंच, ल्यूनच्या खोऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आत. तोच विचार आपल्याकडे आला आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हाही प्रश्न हाच होता. ऊस आपल्या रानात पिकतो, मग कारखाना दुसऱ्याचा का?

आता शेजाऱ्याच्या ओसरीवर बसलो आहोत असं समजू. तिथे वेगाचे आकडे सांगून काही होत नाही. 'गिगाबिट' शब्द ऐकून कुणी खिशात हात घालत नाही. लोक प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न चांगले असतात.

पहिला बहुतेक हा असतो: "मोबाइलवर चालतंय की, कशाला हवी तार?" याला खरं उत्तर द्यावं. मोबाइलचा टॉवर म्हणजे सगळ्या गावाची एकच टाकी, संध्याकाळी सगळ्यांनी नळ सोडले की धार बारीक होते. शिवाय मोबाइलवर आपल्याकडून पाठवायचा वेग सहसा कमी असतो. पोरगी घरातून नोकरीची मुलाखत देत असेल, मुलगा त्याच वेळी क्लास बघत असेल, आजीचा रिपोर्ट तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवायचा असेल, तर एका मोबाइलचा हॉटस्पॉट कुणालाच पुरत नाही. पण घरात दोनच म्हातारी माणसं असतील आणि त्यांना फोनवर नातवाचा चेहरा दिसला की पुरे वाटत असेल, तर त्यांना जोडणी घ्यायचा आग्रह करू नये. त्यांच्याकडे फक्त रानातून वाट मागावी. प्रत्येक घराकडे देण्यासारखं वेगळं काही असतं. सगळ्यांपुढे एकच पावतीपुस्तक धरण्यात पहिली चूक होते.

दुसरा प्रश्न: "सरकारचं येणारच आहे, मग आपण कशाला?" भारतनेट ही योजना खरी आहे आणि मोठी आहे. २०११ मध्ये ती वेगळ्या नावाने मंजूर झाली. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं तिचं ध्येय आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये नव्याने मंजूर झाले. तिला विरोध करायचं काहीच कारण नाही. तिचा मूळ आराखडा मात्र समजून घ्यावा. त्यात तार पोचायची ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत. तिथून मळ्यात, वाडीत, डोंगरापलीकडच्या पाड्यावर कोण नेणार? सरकारने मोठा कालवा आणला म्हणून आपल्या शेतापर्यंतची चारी आपोआप होत नाही. चारीची निगा आणि पाळ्या शेतकऱ्यांनीच सांभाळल्या की पाणी शेवटच्या शेतापर्यंत जातं, हे नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या पाणी वापर संस्थांनी दाखवून दिलं आहे. इंटरनेटची चारी तशीच सांभाळता येईल.

आपल्याकडेही याचे प्रयोग झालेत. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून काही गावांना इंटरनेट दिलं. ग्रामपंचायतीला भागीदार करायचं आणि गावातल्याच तरुणाने ते चालवायचं, असा पुढचा आराखडाही मांडला. २०१७ मध्ये 'फायरफॉक्स' ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. डोंगराळ भागात, जिथे दर पावलाला कातळ लागतो, तिथे अशी बिनतारी उडी घेऊन पलीकडे पुन्हा तार टाकणं शहाणपणाचं असतं. स्पेनच्या कॅटलोनियात २००४ पासून वाढत गेलेलं 'गिफी' नावाचं लोकांचं जाळंही आधी छपरावरच्या अँटेनांनीच सुरू झालं आणि फायबर मागून आलं.

तिसरा प्रश्न सर्वांत जड, आणि तो विचारताना माणूस आवाज खाली आणतो. "पैसे बुडाले तर?" ज्याचे पतसंस्थेत पैसे अडकलेत, त्याला सहकाराची महती सांगत बसणं म्हणजे त्याच्या जखमेवर हात ठेवणं. त्याला बुडालेलं उदाहरणच आधी सांगावं.

अमेरिकेत युटा राज्यात प्रोव्हो शहराच्या पालिकेने कर्ज काढून, सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर घालून शहरभर फायबरचं जाळं बांधलं. ग्राहक अपेक्षेइतके मिळाले नाहीत. कर्जाचे हप्ते भरण्यासाठी लोकांच्या पालिकेच्या बिलात महिना ५ डॉलर ३५ सेंट वाढवावे लागले, जोडणी घेतली असो वा नसो. शेवटी २०१३ मध्ये ते जाळं गुगलला एका डॉलरला दिलं गेलं. कर्ज शहराकडेच राहिलं.

लँकेशर आणि प्रोव्होमध्ये काचेच्या तारेचा फरक नव्हता. क्रमाचा होता. प्रोव्होत बांधकाम आधी झालं आणि ग्राहक मागून शोधले. लँकेशरमध्ये त्या त्या गावाने आधी माणसं आणि पैसे उभे केले, मगच कुदळ लावली. म्हणून शेजाऱ्याला शब्द द्यायचा तो असा: अमुक इतक्या घरांनी लेखी होकार दिल्याशिवाय एक मीटरही चर निघणार नाही. तोपर्यंत पैसे वेगळ्या खात्यात राहतील आणि आकडा गाठला नाही तर ज्याचे त्याला परत जातील. दर महिन्याचा जमाखर्च शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर लागेल. बिलातली ठरलेली रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला पडेल. आणि जाळं विकता येणार नाही, हे संस्थेच्या पोटनियमांतच पहिल्या दिवशी लिहिलं जाईल. यातलं एक जरी लेखी द्यायला पुढाऱ्याने टाळाटाळ केली तर शेजाऱ्याने पैसे देऊ नयेत, असं मी स्वतः त्याला सांगेन.

"बिघडलं तर कोण येणार?" याचं उत्तर लहान आहे. जमिनीतली काच स्वतःहून बिघडत नाही, ती नांगराने, जेसीबीने किंवा घुशींनी तुटते. म्हणून नळी पुरेशी खोल हवी, वाट नकाशावर नोंदलेली हवी आणि गावातल्या दोघा-तिघांना सांधा जोडता यायला हवा. त्यांना त्याचे पैसेही मिळायला हवेत. खरी अडचण विजेची. तार चालू राहते, पण टोकाची यंत्रं भारनियमनात बंद पडतात. मुख्य पेटीला बॅटरी आणि जमलं तर सौर पॅनेल हा खर्च आराखड्यात पहिल्यापासून धरावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात लोकांचा विश्वास जातो.

परवान्याची बाजूही मोकळेपणाने सांगावी लागते. नुसती तार पुरली म्हणून इंटरनेट विकता येत नाही, त्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. त्यात छोट्या क्षेत्रासाठीचा, साधारण जिल्ह्याएवढ्या भागाचा वर्गही आहे. परवान्याची जबाबदारी पेलवत नसेल तर परवानाधारक स्थानिक सेवादाराशी करार करता येतो. अशा करारात नळीची आणि तारेची मालकी कुणाची, हे पहिलं कलम असावं. नुसत्या वायफायपासून सुरुवात करायची तर २०२० मध्ये आलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात गावातला किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. गावाने हालचाल सुरू केली की इतकी वर्षं न फिरकलेल्या कंपन्या अचानक फिरकू लागतात. लँकेशरमध्ये डॉल्फिनहोम गावाच्या परिसरात असंच झालं होतं, गावकऱ्यांचं काम सुरू असताना तिथे सरकारी अनुदानावरची दुसरी तार येऊन ठेपली. अशा वेळी पहिले सहा महिने फुकट असली जाहिरात येते आणि होकार दिलेली घरं डगमगतात. लोक तेव्हाच टिकतात जेव्हा त्यांना आधीपासून माहीत असतं की हे होणार आहे, आणि का होणार आहे. गावाने मागणी एकत्र केली, म्हणून कंपनीचा हिशेब जमला. गाव फुटलं की तो हिशेब पुन्हा पूर्वीसारखा होतो.

गटबाजीचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे उघडपणे कुणी विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. तार अमक्या गटाची झाली की तमक्या गटाच्या रानातून वाट मिळत नाही आणि तिथेच काम संपतं. म्हणून पहिली बैठक कुणाच्या वाड्यावर घेऊ नये, शाळेत घ्यावी. पहिली जोडणी सरपंचाला देऊ नये. ती शाळेला किंवा आरोग्य उपकेंद्राला द्यावी, म्हणजे दोन्ही गटांची माणसं तिथे येतील आणि वेग स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. बायकांना बैठकीला नुसतं बोलावू नये, समितीत घ्यावं. मुलांचा अभ्यास कुठल्या कोपऱ्यात बसून होतो आणि रेंजसाठी कोण गच्चीवर चढतं, हे त्यांना नेमकं माहीत असतं, आणि बचत गटामुळे घरोघरचे हप्ते वेळेवर गोळा करायची सवयही त्यांना असते.

आणि हे सगळं बोलायच्या आधी एक काम करावं. तलाठ्याकडून गावाचा नकाशा घ्यावा. भारतनेटची पेटी किंवा सर्वांत जवळचं फायबर कुठे आहे तिथे खूण करावी, तिथून सर्वांत लांबच्या वस्तीपर्यंत रस्ता टाळून, बांधाबांधाने पेन्सिलीने रेघ ओढावी आणि रेघ ज्या ज्या गट नंबरातून जाते त्याच्या मालकाचं नाव बाजूला लिहावं. साधारण वीस-पंचवीस नावं निघतील. काहींच्या घरी चालत जाता येईल, काही जण पुण्या-मुंबईला असतील, त्यांना फोन करावा लागेल. एक-दोन नावांपुढे हात थांबेल, कारण त्या घराशी कित्येक वर्षांत बोलणं नाही. पहिला चहा तिथेच घ्यायचा आहे.